हातचा

ग्रिम्सबीच्या वाचनालयात गुरुवारी
पुस्तकांची निंदणी असते.
सहा वर्षं ज्याला कुणी हात लावला नाही
ते उपसायचं, आत 'रद्द'चा शिक्का मारायचा,
दाराशी ठेवायचं, पन्नास पेन्सला एक.
कॉलिन म्हणतो, अभिजात असलं म्हणून काय झालं,
फळीला वजन सारखंच.

आज हाती आली ती जाडजूड कादंबरी
जिच्यावर बी.ए.ला पंधरा मार्कांचा प्रश्न हमखास यायचा :
'प्रेमासाठी त्याग या सूत्राची सोदाहरण चर्चा करा.'
मी केली होती. पुरवण्या लावून.

ती मिठाच्या व्यापाऱ्याची मुलगी.
रात्रभर बसून लग्नाचा झगा उसवते,
त्याच कापडाची ठिगळं त्याच्या शिडाला लावते,
आणि सकाळी धक्क्यावर त्याला सांगते,
जा, माझं दुसरीकडे ठरलंय.
ठरलेलं काहीच नसतं.
तो जातो. मोठा होतो. कादंबरी संपते.

पान तीनशे अकरा. समासात पेन्सिल.
वर गोल, शाळकरी अक्षर, साल अठ्ठावन्न :
'किती सुंदर!'
त्याखाली तेच वळण, पण घाईतलं, एकाहत्तर :
'हिने त्याला विचारलं होतं का?'
आणि अगदी तळाशी,
थरथरत, जवळजवळ पुसलेलं, साल नाही :
'मी ती नाही. मी तो.
मलाही कुणी विचारलं नव्हतं.'

मागच्या खिशातल्या कार्डावर एकच नाव, पुन्हा पुन्हा,
एम. ऑसगर्बी.
शिवणीत अडकलेला माशाचा खवला,
अभ्रकासारखा.
गोदीवर मासे कापत असणार बाई,
जेवणाच्या सुट्टीत वाचत असणार,
हात पुसून, पण घाईने.

मी खुर्ची ओढली.

मिरज स्टेशनाबाहेर, रसाच्या गाड्याशी,
मी जयवंतला म्हणाले होते,
माझं मन नाही रे तुझ्यात.
होतं.
त्याची आई अंथरुणाला, छापखाना गहाण,
आणि हा माझ्यामागे इकडे यायला निघालेला.
तेव्हा मीच ठरवलं,
पेपर सोडवावा तसं, एकटीने, वेळेत.
तो ग्लास खाली ठेवून म्हणाला, 'बरं.'
ग्लास अर्धा होता.

एकोणतीस वर्षं मी ह्याला त्याग म्हणत आले,
मनातल्या मनात, भांडी विसळताना,
विशेषतः नवऱ्याशी वाजलं की.
आईला सांगितलं असतं तर ती म्हणाली असती,
त्याग कसला, पदरमोड केलीस.
पण मोडला तो पदर
माझा होता का?

बेरीज शिकवताना बाई बजावायच्या, हातचा विसरू नका.
नाही विसरले.
सगळं सोडलं म्हणताना
हातचा एक राखला होता मी :
त्याला कधीच न कळलेलं माझं थोरपण.
त्याच्या वहीत ती रक्कम आलीच नाही.
तिकडे आयुष्यभर
उत्तर एकाने चुकत राहिलं असेल
आणि तो स्वतःचीच आकडेमोड
पुन्हा पुन्हा तपासत बसला असेल.

किंवा नसेलही. चार दिवसांत विसरला असेल.
हे सुद्धा मी
त्याला न विचारताच ठरवतेय.

बाहेर सीगल चिप्सच्या कागदावरून भांडतायत.
कॉलिनने शिक्का पुढे केला.
म्हटलं, नको, माझ्या नावावर टाक.
तो म्हणाला, म्हणजे आणखी सहा वर्षं फळी अडली.
म्हटलं, अडू दे.

खवला होता तिथेच ठेवला.
ऑसगर्बीबाईंच्या ओळीखाली
बोटभर जागा उरलीय.
काय लिहायचं ते ठरलेलं नाही.
तीन आठवडे आहेत.